दाखल्यातलं अवघड

माझा भाऊ भीमाप्पा सव्वीस वर्षं विजेच्या खांबांवर चढतोय, आजवर एकदाही पडलेला नाही. त्याची पोरगी पारमिता, ती तर सायकलवरनंसुद्धा कधी पडली नाही. आणि मंगळवारी सकाळी बेंगळुरातल्या विद्यापीठाचं पत्र आलं, की मुलीच्या अपघाताबद्दल खुलासा करा.

पत्र म्हणजे ईमेल. मी मेथी निवडत बसले होते, पारमितानं मोबाईल पुढ्यात धरला आणि वाचून दाखवलं. नववीनंतर शाळा का बदलली आणि नववीला मार्क एवढे कमी का, याचं अर्जात दिलेलं कारण दाखल्यावरच्या कारणाशी जुळत नाही. दाखल्यावर अपघात लिहिलाय, अर्जात त्याचा उल्लेखच नाही. शुक्रवारी अकरा वाजता व्हिडिओवर मुलाखत आहे, आई-वडिलांपैकी एकानं हजर राहावं. खुलासा पटला नाही तर अर्ज रद्द.

"कसला अपघात गं?" मी विचारलं.

"मला काय म्हायती, आत्ती," ती म्हणाली.

मी शेवंता. बेळगावच्या कोर्टात चौतीस वर्षं टायपिस्ट होते, आता रिटायर होऊन शहापुरात राहते. साहेब लोकांच्या निकालातला स्वल्पविराम चुकला तरी माझ्या नजरेला पडायचा, आणि मी तो बोलून दाखवायची, म्हणून निम्मं ऑफिस मला घाबरायचं. कन्नड टायपिंग मी धडपडून शिकले, परीक्षा दिली, पास झाले. हे सगळं सांगते कारण पुढं माझीच जिरली ते तुम्हाला कळायला पाहिजे.

आमचे आई-बाप निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते. आईच्या लुगड्याला कायम तंबाखूचा वास यायचा, भीमा तिच्या कुशीत झोपला की शिंकायचा. त्या वखारीतनं आम्ही दोघं शाळेत गेलो, मी कोर्टात लागले, तो वीज खात्यात लाईनमन झाला. खात्यात सगळा कारभार कन्नड. भीमा कन्नड शिकला ते खांबावर, खालनं ओरडणाऱ्या माणसांकडनं. तार ओढ, स्विच काढ, लाईन बंद हाय का, एवढं त्याला फर्डं येतं. त्यापुढं तो मराठीच बोलतो, फक्त शेवटाला 'री' लावतो. मी त्याला लई चिडवायची, पण त्याला त्याच्या कन्नडचा भारी अभिमान. घरी कुणी कन्नड माणूस आला की वहिनीला गप्प बसवून हा पुढं होणार.

पाच वर्षांमागं त्याची बदली संकेश्वरच्या पलीकडं एका गावात झाली. पारमिता तेव्हा सातवी झालेली, मराठी शाळेत कायम पहिली. त्या गावात एकच हायस्कूल, कन्नड माध्यमाचं. मी म्हटलं होतं, पोरीला माझ्याकडं ठेव. ऐकतोय कुठला. "कन्नड यायलाच पाहिजे आक्का, इथंच जगायचं हाय," म्हणाला. बोलणं चुकीचं नव्हतं, पण आठवीत एकदम सगळेच विषय दुसऱ्या भाषेत म्हणजे पोरीनं करायचं काय? ती मागच्या बाकावर बसायला लागली. वर्गात बोलेना. नववीच्या विज्ञानाच्या पेपरात तिनं सगळी उत्तरं मराठीत लिहिली. उत्तरं बरोबर होती, मी स्वतः बघितलीत. मास्तरांनी पानभर लाल रेघ मारून शून्य दिलं. वर्षाच्या शेवटी बेचाळीस टक्के.

मग मात्र मी गेले आणि भीमाशी कडाकडा भांडले. तो मान खाली घालून बसला. दुसऱ्या दिवशी उठून शाळेत गेला, दाखला काढला आणि पोरीला माझ्या दारात आणून सोडलं. दहावी तिनं बेळगावात मराठीतनं केली, एक्क्याण्णव टक्के. पुढं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स, सगळं इंग्रजीत, तरी मागं हटली नाही. लहानपणी बापाला विचारायची, तारेतनं वीज जाते म्हंजे काय जातं. आता तिला फिजिक्सच शिकायचंय. हे विद्यापीठ साऱ्या देशातनं थोडी पोरं घेतं, राहण्या-जेवणापासनं सगळं बघतं, आणि त्यांना नववीपासनचे मार्क लागतात. कमी मार्कांचं आणि शाळा बदलल्याचं कारण अडीचशे शब्दांत लिहायचं होतं. तिनं खरं ते लिहिलं, भाषा बदलली म्हणून. मी टाईप केलं, सोबत दाखल्याची झेरॉक्स जोडली.

त्या दाखल्याची एक गोष्ट आहे. भीमानं ती आजवर पन्नास वेळा तरी सांगितली असेल. चौदा एप्रिलला घरी माणसं जमली की हमखास. शाळेत क्लार्क होते, नागेंद्र नावाचे, बागलकोटाकडचे, मराठीचा एक शब्द येत नसलेले. भीमाला वाटलेलं, हे काय आपल्याला लवकर दाखला देणार. पण भीमानं कारण सांगितलं आणि त्या माणसाचा चेहराच बदलला. त्यांनी खुर्ची दिली. चहा मागवला. पोरगी आता बरी आहे का विचारलं. अर्ध्या तासात दाखला हातात, आणि निघताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, देव आहे, काळजी करू नका. भीमा सांगायचा, "आमच्या पोरीला भाषेचा तरास झाला, तर त्या कन्नड माणसाच्या डोळ्यात पाणी आलं. आणि लोक म्हंत्यात इथं आपलं कोण न्हाय."

मंगळवारी मेथी बाजूला सारली आणि फाईल काढली. शाळा सोडल्याचं कारण, या रकान्यात कन्नडमध्ये हातानं लिहिलं होतं, 'अवघडद कारण'. मी वाचलं आणि म्हटलं, बरोबर तर आहे. अवघड गेलं म्हणून सोडली. अपघात कुठं आलाय यात?

आणि मग तोच शब्द मी पुन्हा वाचला. कन्नडात अवघड म्हणजे अवघड नव्हे. कन्नडात अवघड म्हणजे अपघात. कोर्टात रस्त्यावरच्या अपघातांच्या केसेस असायच्या, तो शब्द मी हजार वेळा बडवला असेन. आणि हाच दाखला तीन वर्षांमागं माझ्या हातनं नव्या शाळेत गेला. नाव बघितलं, जन्मतारीख बघितली, जात बघितली, आणि तो रकाना मराठी डोळ्यांनी वाचून पुढं गेले. स्वल्पविराम शोधणारी मी.

भीमा तिथं काय म्हणाला असेल ते मला डोळ्यासमोर दिसलं. "हुडगीगे भाळ अवघड आगेदरी." त्याला म्हणायचं होतं, पोरीला लई अवघड जातंय. क्लार्कनं ऐकलं, पोरीला मोठा अपघात झालाय.

पारमिता हुशार आहे, तिला माझ्याआधी पुढचं कळलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, म्हंजे तो चहा, ती खुर्ची, ते डोळ्यातलं पाणी.

बुधवारी सकाळच्या बसनं मी त्या शाळेत गेले. नागेंद्र क्लार्कची बदली हुक्केरीला झाली होती. मुख्याध्यापिका बाई बोलायला चांगल्या, पण रजिस्टरातली नोंद वरच्या ऑफिसच्या हुकुमाशिवाय बदलता येत नाही म्हणाल्या. अर्ज द्या, महिनाभरात होईल. मी म्हटलं, माझ्याकडं दोन दिवस आहेत. त्या म्हणाल्या, मी काय करू. मलाही ठाऊक होतं, त्या काही करू शकत नव्हत्या. चौतीस वर्षं मीही लोकांना हेच सांगत आले होते.

परत येताना बसमध्ये मी जो विचार केला त्याची आज लाज वाटते, पण केला. खोटं पचतं हे मी कोर्टात रोज बघितलंय. दाखला म्हणतोय ना अपघात, मग अपघातच झाला म्हणायचं. पाय मोडला होता, कुणाची दया नको म्हणून पोरीनं अर्जात लिहिलं नाही. उलट कौतुक होईल. आण्णाप्पा म्हणून ओळखीचा एक कंपाउंडर आहे, त्याला फोन लावला. संध्याकाळपर्यंत कागद आला, डावा पाय, तीन वर्षांमागची तारीख, शिक्का, सही.

मला वाटलं होतं पारमिता कागद फाडून तोंडावर टाकेल. तिनं घेतला, नीट वाचला आणि म्हणाली, "चालंल."

मलाच राग आला. म्हटलं, अगं, तू खोटं बोलणार व्हय? खरं सांगितलंस तर हसतील फार तर, पण खरं आहे की ते. तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले, पण आवाज सरळ होता.

"खरं सांगायचं तर आप्पाच्या देखत सांगाय लागंल, आत्ती. मग त्येला कळणार, त्यो क्लार्क भाषेसाठी रडला नव्हता. आप्पाकडं तेवढी एकच गोष्ट हाय सांगण्यासारखी."

रात्री दोघीही जेवलो नाही नीट. एकीकडं पोरीचं सगळं पुढचं आयुष्य, आणि ते उभं करायचं एका खोट्या पायावर. उद्या कुणी एक्सरे मागितला तर? आण्णाप्पाचा शिक्का कुणी तपासला तर? अर्ज तर जाईलच, वर पोरीच्या नावाला कायमचा डाग. मी तिला हे सगळं सांगितलं. ती हो म्हणाली आणि तरी कागद पुस्तकात ठेवून दिला.

गुरुवारी संध्याकाळी भीमा आला. मोरपंखी रंगाचा शर्ट कडक इस्त्री करून आणलेला, सोबत पिशवीत काकड्या. त्याला आम्ही एवढंच सांगितलं होतं की दाखल्यात काहीतरी गडबड आहे, साहेब लोक विचारतील. तो खुशीत होता. म्हणाला, कन्नड साहेब असला तर मी बोलतो, तुम्ही काळजी करू नका. पारमिता स्वयंपाकघरात निघून गेली.

शुक्रवारी पावणेअकराला मी शेजारच्या मागवाल्यांना हात जोडून सांगून आले, तासभर माग बंद ठेवा, खडखडाटात काही ऐकू येत नाही. लॅपटॉप टेबलावर, पुढं पारमिता, बाजूला भीमा. मी कॅमेऱ्यात येणार नाही अशी भिंतीकडं. तो कागद तिनं मांडीवर ठेवला होता, मला दिसत होता.

पडद्यावर दोघं जण आले. एक बाई इंग्रजीत बोलणाऱ्या, आणि एक वयस्कर सर, धारवाडकडचे, कपाळावर चष्मा. बाईंनी फिजिक्सचं विचारलं, पारमितानं सांगितलं. पहिल्यांदा आवाज चिरका होता, मग सरळ झाला. दहा मिनिटं मला वाटलं, विसरले बहुतेक. मग सरांनी चष्मा खाली घेतला आणि विचारलं, वडील आहेत का. भीमा खुर्चीत सरसावून बसला. सरांनी त्याला कन्नडातनं विचारलं, मुलीच्या बाबतीत नक्की काय झालं होतं, तुम्हीच सांगा.

आणि माझ्या भावानं छाती काढून, तीन वर्षांमागचं तेच वाक्य पुन्हा टाकलं. "हुडगीगे भाळ अवघड आगित्तरी, सर."

सरांचा चेहरा पडला. कुठं झालं, त्यांनी विचारलं. भीमा म्हणाला, शाळेत. किती दिवस त्रास होता? दोन वर्षं. सरांनी बाईंकडं बघितलं, बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. सरांनी हळूच विचारलं, "याव दवाखानि?" कुठल्या दवाखान्यात ठेवलं होतं?

भीमा गोंधळला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पोरीकडं. "दवाखाना कशाला?" मराठीत म्हणाला.

बाईंनी इंग्रजीत विचारलं, काही वैद्यकीय कागद आहे का. पारमिताचा हात मांडीवर गेला. तिनं तो कागद उचलला, मला वाटलं दाखवते आता. ती बापाच्या तोंडाकडं बघत होती. त्या तोंडावर भीती नव्हती, लपवाछपवी नव्हती, फक्त आपलं काय चुकलं हे न कळल्याचा गोंधळ होता. तिनं कागद दोनदा घडी घालून मुठीत धरला.

मग ती बोलली. आधी इंग्रजीत बाईंना, मग कन्नडात सरांना. त्या दोन वर्षांत शिकलेलं कन्नड, अडखळत, पण स्वच्छ. अपघात झाला नाही. माझे वडील मराठीत अवघड म्हणजे कठीण या अर्थानं बोलले, क्लार्कनी ते कन्नडात ऐकलं. आत्ताही तेच झालं, तुमच्यासमोर झालं. आम्हाला हे मंगळवारपासून माहीत होतं आणि मी खोटं बोलायला निघाले होते, तेही सांगते. हे तिनं का सांगितलं देव जाणे, मी तर डोळेच मिटून घेतले.

माग बंद होते, त्यामुळं घरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. मी डोळे उघडले तेव्हा भीमा टेबलाकडं बघत होता. त्याच्या कपाळावरची शीर उडत होती. त्याला कळलं होतं. खुर्ची, चहा, खांद्यावरचा हात, सगळं त्याच्या डोळ्यासमोरनं परत चाललंय हे मला दिसत होतं, आणि मला रडू आलं.

मग त्यानं मान वर केली. सरांना त्याच्या मोडक्या कन्नडात विचारलं, मग अवघडला तुमच्यात काय म्हणायचं?

"कष्ट," सर म्हणाले. "कष्ट आगेद अन्नबेकु." कष्ट झालंय, असं म्हणावं.

"कष्ट?" भीमा मराठीतच म्हणाला. आवाज फाटला त्याचा. "ते तर पोरीनं लई केल्यात, सर."

सरांना मराठी किती कळलं ठाऊक नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, बाईंना काहीतरी समजावून सांगितलं, आणि मुलाखत संपली. भीमा उठून मागच्या दारी गेला आणि नळाखाली बराच वेळ तोंड धूत राहिला. पारमिता त्याच्या मागं गेली नाही. मी तिच्या मुठीतला कागद काढून घेतला आणि गॅसवर धरला.

सोळा दिवसांनी ईमेल आली. घेतलं होतं पोरीला. खाली एक ओळ होती, शाळेकडून नोंद दुरुस्त करून घ्यावी. मी फोनवर भीमाला सांगितलं, तो नुसतं बरं बरं म्हणाला. एवढी मोठी बातमी, आणि एवढंच. मला वाटलं, त्याचं अजून मनातनं जात नाही. मग म्हणाला, "आक्का, हुक्केरीला जाऊया. त्या माणसाला वाटत आसंल पोरगी अजून आजारीच हाय."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं गेलो, बेळगावचा कुंदा घेऊन. नागेंद्र क्लार्कचं घर शोधायला तासभर लागला. दार त्यांनीच उघडलं, बारीक म्हातारं शरीर, अंगात बनियन. भीमाला त्यांनी ओळखलं नाही. त्यानं शाळेचं नाव सांगितलं, मुलीच्या दाखल्याचं सांगितलं, तशी त्यांची नजर आमच्या मागं उभ्या असलेल्या पारमिताकडं गेली. चेहऱ्याकडं नव्हे, पायांकडं. ती तीन पायऱ्या चढून आत येईपर्यंत ते बघत राहिले, पहिला पाय, दुसरा पाय, आणि मग त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

भीमा सगळं वाक्य पाठ करून आला होता, अपघात नव्हता झाला, पोरीला भाषेचे कष्ट होते, असं. बसमध्ये दहादा माझ्याकडनं तपासून घेतलेलं. पण ते हात बघितले आणि पाठ केलेलं सगळं विसरला. शेवटी एवढंच म्हणाला, "अवघड अल्लरी, सर. कष्ट इत्तु."